टपालपेटीची किल्ली आता तुमच्याकडे

"ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आहोत. पुढच्या वर्षी पाच वर्षं पूर्ण होतील, मग कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा विचार आहे. त्यासाठी डचच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यातला वाचनाचा पेपर, 'लेझन', सगळ्यांच्या मते सर्वांत सोपा. मी घरी सराव परीक्षा लावते तर वेळ संपतो आणि सात-आठ प्रश्न तसेच राहतात. शब्द पाठ करते, वहीत दोन हजारांवर शब्द झालेत. मुलगी इथल्या शाळेत चौथ्या गटात आहे, तिची गोष्टीची पुस्तकं तिच्याबरोबर वाचते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलंय, तिकडे कॉलेजात शिकवत होते. आणि इथे कचऱ्याच्या गाडीचं पत्रक वाचताना घाम फुटतो. घरी येणारं टपाल नवराच उघडतो, फोनवर भाषांतर करून मला सांगतो. तो म्हणतो, क्लास लाव. क्लासची फी ऐकून माझं मन धजत नाही. काय करू?"
– एक वाचक, आइंडहोव्हन

सप्रेम नमस्कार.

आधी वेळेचा हिशेब करू. ए२ पातळीच्या, म्हणजे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या दुसऱ्या पायरीच्या, लेझनच्या पेपरला २५ प्रश्न असतात आणि ६५ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटांहून किंचित जास्त. तुमचे सात-आठ राहतात, याचा अर्थ तुम्ही एकेका प्रश्नावर पावणेचार मिनिटं घालवताय. ही जास्तीची मिनिटं जातात कुठे, ते तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचता, अनोळखी शब्द आला की थांबता, तो वहीत होता का ते आठवता, आणि मग प्रश्नाकडे वळता. कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या बाईंचं वाचन असंच असणार, ओळ अर्धवट सोडून पुढे जाणं त्यांच्या रक्तातच नाही. पण या पेपरला तसं वाचून भागत नाही. इथे तुमची शब्दसंपत्ती किंवा रसग्रहण कुणी तपासत नाही. घरात पत्र आलं, तर त्यावरून काय करायचं हे तुम्हाला कळलं का, एवढंच बघतात.

म्हणून पेपरात येतं काय, तर शाळेची सूचना, खमेन्टेचं म्हणजे पालिकेचं पत्र, कामावरच्या साहेबाची ईमेल, पोहण्याच्या तलावाचे नियम, जुन्या सायकलची जाहिरात, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वेळा. सगळा मामला रोजचा. खाली प्रश्न: तुम्ही काय कराल? फोन कधी करायचा? हे पत्र कशासाठी आलंय? उत्तर पर्यायांतून निवडायचं, सगळं संगणकावर.

आता एक पत्र घेऊन बसू. हे मी तुमच्यासाठी रचलंय, पण पेपरातलं वाटावं असं. शाळेचं पत्र आहे. मराठीत सांगायचं तर: पाचवा गट गुरुवारी १२ जूनला लहान मुलांसाठीचं शेत बघायला जाणार. साडेआठला शाळेत जमायचं. डबा आणि पाणी घरून आणायचं, गोळ्या-चॉकलेटं आणायची नाहीत. ज्या पालकांना गाडीने मुलांना न्यायचंय त्यांनी शुक्रवार ६ जूनपर्यंत बाईंना कळवावं. मग एक वाक्य: 'हेट आउट्ये खाट ओक बाय रेखन दोर.' आणि त्याच्या पाठोपाठ: 'आलेन बाय स्टॉर्म खाट हेट नीट दोर.' शेवटी: मुलं 'हाल्फ फीर'ला परत येतील.

प्रश्न पहिला: तुम्हाला गाडीने मुलं न्यायची आहेत, तर काय कराल? पर्याय असे: १२ जूनला साडेआठला गाडी घेऊन शाळेत जाल, ६ जूनच्या आत बाईंना सांगाल, किंवा दुपारी मुलांना घ्यायला जाल. तिन्ही गोष्टी पत्रात आहेत. पण विचारलंय फक्त गाडी नेण्याबद्दल. ज्याने आधी प्रश्न वाचला, तो पत्रात 'गाडी' शोधतो, तिथली दीड ओळ वाचतो आणि मोकळा होतो. ज्याने आधी अख्खं पत्र वाचलं, तो डबा, चॉकलेटं, साडेआठ हे सगळं डोक्यात घेऊन बसतो आणि मग पुन्हा पत्राकडे जातो. तुमची मिनिटं या दुसऱ्या फेरीत जातात.

प्रश्न दुसरा: १२ जूनला सकाळी पाऊस पडतोय. काय होईल? इथे शब्दांची वही धोका देते. वहीत 'दोर' म्हणजे 'मधून' किंवा 'मुळे' असं लिहिलेलं असणार, 'खाट' म्हणजे 'जातो'. दोन्ही बरोबर. पण 'खाट' आणि 'दोर' एकाच क्रियापदाचे दोन तुकडे आहेत. एक वाक्याच्या सुरुवातीला, दुसरा पार शेवटी. दोन्ही जोडले की अर्थ होतो: ठरल्याप्रमाणे पार पडणे. सहल पावसातही होणार, फक्त वादळ असलं तर नाही. वाक्याचं शेवटचं टोक न बघता तुम्ही पुढे सरकलात तर पावसाचा शब्द दिसल्याबरोबर 'सहल रद्द' या पर्यायावर टिक करून बसाल. आपल्याकडची समजूतही तेच सांगते ना, पाऊस आला की सहल गेली. नेदरलँड्समध्ये पावसासाठी काही रद्द करायचं म्हटलं तर वर्षभर घरातच बसावं लागेल.

यात दुसरा एक नियमही आला. उत्तर पत्रातून द्यायचं, आपल्या अनुभवातून नाही. तुम्हाला काय योग्य वाटतं, सांगलीच्या शाळेत काय झालं असतं, हे बाजूला ठेवा.

आणि 'हाल्फ फीर' म्हणजे साडेतीन. साडेचार नव्हे! इंग्रजीच्या सवयीने भले भले इथे तास चुकवतात. पेपरात हे चुकलं तर एक गुण जाईल, पण शाळेच्या दारात मुलगी तासभर ताटकळत उभी राहील.

शब्दांच्या वहीबद्दल आता थोडं कठोर बोलते. दोन हजार शब्द पुष्कळ झाले. ए२च्या पेपरात माणसं नामांमुळे नापास होत नाहीत, नाम पुष्कळदा आजूबाजूच्या मजकुरावरून कळतं. घात करतात ते अगदी बारके शब्द. 'नीट' म्हणजे नाही. डचमधला 'नीट' नीट वाचा, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते, कारण मराठी कानाला तो शब्द होकारार्थी वाटतो आणि डोळा त्यावरून घसरतो. 'खेन' म्हणजे एकही नाही. 'आलेन' म्हणजे फक्त. 'बहाल्व्ह' म्हणजे सोडून, वगळून. 'पास' म्हणजे त्याआधी नाही: दुकान 'पास' दहाला उघडतं, म्हणजे दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही. 'टेनझाय' म्हणजे 'अमुक असेल तर सोडून'. 'आउटरलक' म्हणजे जास्तीत जास्त त्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही. 'फानाफ' म्हणजे तेव्हापासून. 'टॉट एन मेट' म्हणजे तो दिवसही धरून, आणि हे पत्रांत पूर्ण लिहीत नाहीत, दोन अक्षरांच्या मध्ये एक तिरकी रेघ मारून मोकळे होतात.

या यादीत अजून एक जोडी आहे जिच्यावर परीक्षकांचा फार जीव. 'हूफ्ट नीट' आणि 'माख नीट'. पहिली म्हणजे गरज नाही, दुसरी म्हणजे मनाई. पोहण्याच्या तलावावर 'टोपी हूफ्ट नीट' असेल तर घाला नाहीतर घालू नका, तुमची मर्जी. 'बूट माख नीट' असेल तर बूट बाहेर. इंग्रजीत शिकलेलं डोकं दोन्हींना एकाच नकारात गुंडाळतं. मराठीत विचार केला तर गोंधळ व्हायचं कारण नाही, आपल्याकडे 'नाही घातली तरी चालेल' आणि 'घालायची नाही' यांत अंतर आहे.

यावरून माझं एक मत सांगते, पटलं तर घ्या. डचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा द्राविडी प्राणायाम सोडून द्या. इंग्रजी आणि डच चुलत बहिणी, त्यामुळे शब्द ओळखीचे वाटतात हे खरं. पण 'ब्रीफ' म्हणजे पत्र, 'स्लिम' म्हणजे हुशार, 'एव्हेन्टुएल' म्हणजे लागल्यास. तुमचं इंग्रजी जितकं पक्कं तितकी या शब्दांवर पाय घसरायची शक्यता जास्त. आणि वाक्यरचनेत तर डच पुष्कळदा मराठीसारखं वागतं. 'ओमडाट' म्हणजे 'कारण', त्यानंतरच्या तुकड्यात क्रियापद शेवटी जातं: 'ओमडाट इक मॉर्खन नार द डॉक्टर खा'. कारण मी उद्या डॉक्टरकडे जाते. शब्द एकामागोमाग ठेवून बघा, 'जाते' दोन्हीकडे टोकाला. इंग्रजी वळणाचा डोळा कर्त्यानंतर लगेच क्रियापद शोधतो, सापडत नाही, मागे येतो. मराठी डोळ्याला शेवटपर्यंत वाट बघायची लहानपणापासून सवय आहे. ती वापरा.

लांबलचक शब्दांचंही तसंच. विम्याच्या पत्रात 'आरबाइट्सऑनखेस्खिक्टहाइट्सफरझेकरिंग' असा आगगाडीएवढा शब्द येतो आणि माणूस पत्र मिटवून ठेवतो. शाळेत समासाचा विग्रह केला होता ना? तत्पुरुषात शेवटचं पद मुख्य: राजवाडा हा वाडा, देवघर हे घर. डचमध्येही शेवटचं पद मुख्य. शब्दाच्या मागच्या टोकाला 'फरझेकरिंग' दिसलं की विमा आहे एवढं कळलं, पुढचं कामाशी संबंधित आहे हे 'आरबाइट'वरून कळलं. प्रश्न बहुतेक वेळा याहून खोलात जात नाही.

वही टाकून देऊ नका, तिचा उपयोग बदला. नव्या पानावर एकेक शब्द आणि त्याचा अर्थ असं लिहू नका, एकच गोष्ट सांगणाऱ्या डच शब्दांच्या जोड्या लिहा. याचं कारण पेपर काढणाऱ्यांची एक ठरलेली युक्ती. मजकुरात 'ख्राटिस' लिहिलेलं असतं आणि बरोबर पर्यायात 'तुम्हाला पैसे द्यावे लागत नाहीत'. मजकुरात 'खेस्लोटन', पर्यायात 'डिख्ट', दोन्हींचा अर्थ बंद. मजकुरात 'आन्युलेरन', पर्यायात 'आफझेखन', दोन्ही म्हणजे रद्द करणं. मजकुरात 'कापॉट', पर्यायात 'डूट हेट नीट', म्हणजे चालत नाही. 'टेलेफोनिस' कळवा म्हटलं की पर्यायात 'बेलन', फोन करणं. उलट, मजकुरातला शब्द जसाच्या तसा उचलून ठेवलेला पर्याय पुष्कळदा चुकीचा असतो, घाईने वाचणाऱ्याला गाठायला ठेवलेला. नेहमी नाही, पण पुष्कळदा. ओळखीचा शब्द दिसला म्हणून टिक करायला हात गेला, तर तिथे क्षणभर थांबा आणि ते वाक्य पुन्हा वाचा.

आता मुलीची पुस्तकं. ती तिच्याबरोबर वाचा, ती आवडतात म्हणून वाचा, डच उच्चार तिच्याकडून सुधारून घ्या. पण परीक्षेची तयारी म्हणून त्यांवर भिस्त ठेवू नका. इथले सगळे 'मुलांची पुस्तकं वाचा' हा सल्ला देतात, मला तो अर्धवट वाटतो. इथल्या बालपुस्तकांवर वाचनाच्या पातळीची खूण असते, एम३, ई३, एम४ वगैरे: कितव्या गटाच्या वर्षाच्या मध्याला किंवा अखेरीला मूल ते वाचू शकेल, अशी. ती पातळी मुलाच्या अक्षर-ओळखीची आहे, परदेशातून आलेल्या मोठ्या माणसाच्या डचची नाही. शिवाय गोष्टींत भूतकाळ, उंदरांचे संवाद, चेटकिणी. पेपरात चेटकीण येत नाही. तिथे येतो भाडेकरूंच्या संघटनेचा सेक्रेटरी, जिन्यात सायकली ठेवू नका म्हणणारा.

तो सेक्रेटरी कुठे भेटतो? तुमच्या टपालपेटीत.

नवरोबा टपाल उघडतात आणि फोन धरून भाषांतर ऐकवतात, हे वाचताना मला तुमच्या सात-आठ प्रश्नांचं मूळ सापडलं असं वाटलं. चार वर्षं परीक्षेचा अभ्यासक्रम फुकट घरपोच येतोय आणि तुम्ही तो दुसऱ्याकडून वाचून घेताय. त्यांचा हेतू चांगला असणार यात शंका नाही. पण आजपासून टपालपेटीची किल्ली तुमच्याकडे. पत्र आलं की आधी पाच गोष्टी पेन्सिलने शोधायच्या: कुणाकडून आलंय, कशाबद्दल, माझ्याकडून काय हवंय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय. बाकीचं सोडून द्या. हे झाल्यावरच भाषांतराचा कॅमेरा उघडायचा, आणि तोही आपलं उत्तर तपासायला. निळ्या पाकिटातलं करखात्याचं पत्र असेल तर मात्र नवऱ्याने पण एकदा नजर टाकलेली बरी, तिथे सराव करताना दंड भरायची वेळ नको.

टपाल कमी येत असेल तर पेटीवर काय चिकटवलंय ते बघा. जाहिरातींची पत्रकं नकोत अशी 'ने-ने'ची पट्टी बऱ्याच घरांवर असते, कधी आधीच्या भाडेकरूने लावलेली. अॅमस्टरडॅममध्ये २०१८पासून उलट आहे, पत्रकं हवी असतील तर 'या-या' लावावं लागतं. परीक्षा होईपर्यंत पत्रकं येऊ द्या. सुपरमार्केटच्या सवलतीच्या पत्रकाखाली जो बारीक मजकूर असतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक शाखा वगळून, एका गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त इतके नग, तो म्हणजे लेझनच्या पेपरातला एक प्रश्नच. खमेन्टेची कचऱ्याची दिनदर्शिका, जिच्यावरून तुम्हाला घाम फुटला, तीसुद्धा. ओला कचरा सम आठवड्यात, प्लास्टिक विषम आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी गाडी न येता दुसऱ्या दिवशी येणार, डबा सकाळी साडेसातच्या आत बाहेर ठेवायचा आणि आदल्या रात्री अमुक वाजण्यापूर्वी ठेवायचा नाही. चार अटी एका पानावर! घाम फुटायचाच, डच लोकही कॅलेंडरावर खुणा करून ठेवतात. पण हे पान तुम्ही एकदा स्वतःच्या घरासाठी उलगडलंत, तर परीक्षेतल्या पत्रकाचं भय राहणार नाही.

घरचं टपाल पुरलं नाही तर डॉक्टरांच्या संघटनेने सामान्य माणसांसाठी चालवलेलं 'थाउसआर्ट्स' हे संकेतस्थळ बघा. ताप, खोकला, मुलांच्या कानदुखीवर तिथे सोप्या डचमध्ये लिहिलेलं असतं: घरी काय करा, दवाखान्यात फोन कधी करा. भाषा बरोबर तुम्हाला हवी तशी, आणि मुलगी तापली तर ज्ञान वाया जात नाही. बातम्यांसाठी एनओएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं 'योख्टझुर्नाल', मुलांसाठी १९८१पासून चालणारं बातमीपत्र. आधी बघायचं, मग त्यांच्या संकेतस्थळावर तीच बातमी वाचायची. विषय माहीत असला की अनोळखी शब्द आपोआप उलगडतात. शाळेच्या ॲपवर येणाऱ्या सूचना तर रोजच्या. उवा तपासायला पालक स्वयंसेवक हवेत, शिक्षकांच्या प्रशिक्षणामुळे शाळा बंद, वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं. 'भाषांतर करा' ही कळ दाबण्यापूर्वी एकदा तरी मूळ वाचा.

सराव परीक्षांचं म्हणाल, तर डुओ, म्हणजे परीक्षा घेणारी सरकारी संस्था, इनबुर्खरिंगच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी डच समाजात सामावण्यासाठीच्या या परीक्षांच्या, अधिकृत संकेतस्थळावर लेझनच्या नमुना परीक्षा फुकट ठेवते. त्या मोजक्या आहेत, म्हणून उधळू नका. एक वेळ न लावता सोडवा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द आला नाही, बारका शब्द सुटला, तारीख चुकली, की मनाने उत्तर दिलं. मला वाटतं तुमच्या चुका पहिल्या प्रकारच्या थोड्या निघतील. मग महिनाभर टपाल. मग पुढची परीक्षा घड्याळ लावून, संगणकावरच, कागदावर छापून नाही. पडद्यावर मजकूर वर-खाली सरकवत वाचायची सवय वेगळी असते. शब्दकोश आणि फोन हाताशी नाही असं धरूनच बसा. अडीच मिनिटांत सुटलं नाही तर अंदाजाने एक पर्याय निवडून पुढे चला, रिकाम्या जागेला गुण मिळत नाहीत.

क्लास लावू का, असं विचारलंयत. फक्त लेझनसाठी नको. तुम्हाला शिकायचं कसं हे शिकवायची गरज नाही, एवढी वर्षं तुम्हीच शिकवत होतात. पैसे खर्च करायचेच असतील तर ते बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या पेपरांसाठी राखा, तिथे कुणीतरी चुका सांगणारं लागतं. त्याआधी गावातल्या ग्रंथालयात जाऊन 'टालहाउस' कुठे आहे ते विचारा. बऱ्याच ग्रंथालयांत स्वयंसेवक नव्याने आलेल्यांबरोबर बसून डच बोलतात, वाचतात. बहुतेक निवृत्त मंडळी असतात, तुम्ही आपलं एखादं पत्र घेऊन गेलात तर त्यांना केवढा आनंद होतो बघा. मुलीचं नाव तिथे नोंदवलेलं नसेल तर तेही करा, १८ वर्षांखालच्यांना सदस्यत्वाचे पैसे पडत नाहीत.

परीक्षेची नोंदणी प्रत्येक पेपरची वेगळी करता येते, डिजिडी, म्हणजे सरकारी कामांसाठीची ऑनलाइन ओळख, वापरून. सगळे पेपर एका आठवड्यात ठासून बसवायची हौस करू नका. लेझन आधी द्या. तो सुटला की पुढच्या पेपरांना हिय्या येतो, आणि नाहीच सुटला तर पुन्हा फी भरून पुन्हा देता येतो, त्यात लाज कसली. त्या दिवशी वैध पासपोर्ट किंवा वास्तव्याचं कार्ड जवळ हवं. वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचा. रेल्वेरुळांची दुरुस्ती शनिवार-रविवारीच निघते असं समजू नका, आदल्या रात्री गाड्यांची सूचना वाचा. तीही डचमध्ये.

पातळीबद्दल एक सूचना. तुमच्यासारख्या, म्हणजे कुशल नोकरदार परवान्यावर आलेल्यांच्या कुटुंबांवर इनबुर्खरिंगची सक्ती नसते. तुम्ही ती परीक्षा कायम वास्तव्यासाठी आपणहून देताय, आणि त्यासाठी ए२ चालतं. २०२२पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ज्यांच्यावर सक्ती आहे त्यांच्यासाठी मुख्य मार्ग बी१ पातळीचा आहे, म्हणून मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी 'ए२ आता बंद झालं' असं सांगितलं तर गोंधळू नका. त्यांचं प्रकरण वेगळं असू शकतं. मात्र नागरिकत्वासाठी बी१ करायचं आणि पाच वर्षांची दहा वर्षं करायची, असं २०२४च्या आघाडी-करारात लिहिलेलं होतं. त्यामुळे अर्जाच्या आधी आयएनडीच्या, म्हणजे वास्तव्याचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावरची अट स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि ए२ आज हातात येण्यासारखं असताना पुढच्या वर्षावर ढकलू नका.

हे सदर पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्या काही मुली डच नागरिकाशी लग्न ठरवून बसलेल्या असतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमची परीक्षा यापेक्षा वेगळी आणि सोपी. ती निघण्यापूर्वी, डच दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात द्यायची, पातळी ए१, भाग तीन: बोलणं, वाचणं आणि डच समाजाची माहिती. वाचनातले मजकूर छोटे. वर सांगितलेले बारके शब्द तुम्हालाही लागतील, बाकी भाराभर वाचायची गरज नाही.

आता नवरोबांबद्दल. कायम वास्तव्यासाठी त्यांचा अर्ज वेगळा आणि तुमचा वेगळा, आणि परीक्षाही ज्याची त्याला द्यावी लागते. तुमच्या पत्रात त्यांच्या अभ्यासाचा उल्लेख नाही. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारे बहुतेक जण शेवटच्या सहा महिन्यांत जागे होतात. तेव्हा किल्ली तुम्ही घेतलीत तरी आठवड्यातलं एक पत्र त्यांच्यापुढे ठेवा, फोन काढून घ्या, आणि वरच्या पाच गोष्टी त्यांना सांगायला लावा. पेपरची तारीख मात्र दोघांनी वेगवेगळी घ्या. हाल्फ फीरला मुलीला आणायला कुणीतरी लागेल.